भरीत आणि चमचा

मुलांना हाताने जेवायला शिकवावं की काट्याचमच्याने? आमच्या जळगावकडच्या वांग्याच्या भरताने हा प्रश्न परस्पर निकालात काढला होता. हिवाळ्यात मळ्यात कपाशीच्या काड्या पेटवून मोठाली हिरवी वांगी भाजायची, सालं काढून हिरवी मिरची-लसूण घालून ठेचायची, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याची पुरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची. आता हे चमच्याने खाणार कसं?

शिस्त होतीच पण. घास बोटांच्या पेरांनी घ्यायचा. तळव्याला भरीत लागलं की आजी नुसती बघायची, तेवढं पुरे. पाण्याचा तांब्या डाव्या हाताने उचलायचा, उष्ट्या हाताने वाढून घ्यायचं नाही, आणि मचमच आवाज केला की काका म्हणायचे, "जा, गोठ्यात बस." (स्वतः ताक भुरकत प्यायचे, ते वेगळं.)

माझी लेक सहा वर्षांची. काटाचमचा ती शाळेत आपोआप शिकली. पेरांनी घास घेणं मात्र मागच्या डिसेंबरात मळ्यातच जमलं, तेही तिसऱ्या पुरीला.