इंजिनाचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी काहून मोजता?

त्रिमूर्तीनगर०९
काल इथे एकानं लिहिलं, ‘पंधरा वर्षांच्या गाडीला इंजिनचं काम करणारे भावनेपोटी पैसे जाळतात. खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की भंगारात द्या.’ वाचून राग आला, म्हणून सविस्तर लिहितो.

माझी वॅगनआर २००९ ची. मे महिन्यात नागपुरात व्हरायटी चौकाच्या सिग्नलला तापमानाचा काटा लालमध्ये गेला. ऑइलचं झाकण उघडलं तर आतून दह्यासारखी पांढरी साय. पाणी ऑइलमध्ये उतरलेलं. बोअर (पिस्टन फिरतो ती नळी), पिस्टन, रिंग, हेड फेसिंग (इंजिनाचा वरचा भाग घासून सपाट करणं), बेअरिंग धरून मिस्त्रीनं ४२ हजार सांगितले. विकायला गेलो तर ७० हजारांच्या वर कोणी बोलत नाही, आणि तेही चालती असती तर. म्हणजे यांच्या हिशेबानं भंगार. पण ४२ हजारांत मला दुसरी कोणती गाडी मिळते ते सांगा. हिच्या तळाला गंज नाही, सस्पेन्शन मागच्या वर्षी केलं, आरसी २०२९ पर्यंत आहे. बाबांना दर पंधरा दिवसांनी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्यावं लागतं. गुडघा न वाकवता बसता येईल इतकी उंच सीट घरात हिचीच.

मनीषनगर
ते मीच लिहिलं आणि आजही तेच म्हणतो. माझी २००८ ची डिझेल इंडिका. इंजिन बसलं, म्हणजे निकामीच झालं; ३८ हजारांत दुसऱ्या गाडीचं जुनं इंजिन टाकून घेतलं. आठ महिन्यांत पंप, मग गिअरबॉक्स, मग एसीचा कॉम्प्रेसर. दीड लाख गेले. शेवटी कोंढाळीच्या पुढे रात्री अकरा वाजता बंद पडली, बायको आणि चार वर्षांची मुलगी गाडीत. तुमचं इंजिन नवं होईल हो, बाकीची गाडी सोळा वर्षांचीच राहते. स्क्रॅप सेंटरला दिली तर सर्टिफिकेटवर नव्या गाडीच्या करात सूट तरी मिळते.

एमएच४०
स्क्रॅपचा भाव केंद्राच्या धोरणात शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरलाय. साडेतीन लाखांच्या गाडीचे १४ ते २१ हजार. सूट मिळवायला आधी नवी गाडी घ्यायला सहा-सात लाख पाहिजेत. ते कोण देणार?

वाडीचा मिस्त्री
दोघंही भांडून राहिले, पण इंजिन काहून बसलं हे कोणीच विचारून नाही राहिलं. बावीस वर्षं हेच काम करतो. उन्हाळ्यात माणूस बोअरवेलचं पाणी रेडिएटरमध्ये ओततो, आत खार धरतो, नळ्या जाम होतात. आमच्यातलेच काही मिस्त्री ‘गाडी थंड राहते’ म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून फेकतात. मग हिवाळ्यात इंजिन गरमच होत नाही आणि रिंग-बोअर घासतात. कारण न शोधता इंजिन बसवलं तर तेही जाईल, नवं असो का जुनं. आणि मनीषनगरवाले भाऊ, तुम्ही दुसऱ्याचं इंजिन टाकलं. ते किती चाललं, कोणी तापवलं, काही पत्ता नाही. स्वतःचं इंजिन उघडून करणं वेगळी गोष्ट आहे जी.

सक्करदरा_पेट्रोल
खरं कारण ई-२० आहे, २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल! २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या यासाठी बनल्याच नव्हत्या. माझा अ‍ॅव्हरेज १७ वरून १४ वर आला. पंपावर दुसरा पर्याय ठेवत नाहीत. केंद्रीय मंत्री गडकरी आपल्याच शहराचे, त्यांना हे विचारायचं नाही का?

वाडीचा मिस्त्री
ई-२० नं हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) नाही उडत. पाणी संपल्यानं उडते.

सक्करदरा_पेट्रोल
रबरी पाइप खराब होतात की नाही? हो की नाही तेवढं सांगा!

वाडीचा मिस्त्री
जुन्या गाडीत होतात. पाइप, सील बदलावे लागतात, तेवढं मान्य. सरकारनंही ऑगस्ट २०२५ मध्ये तेच सांगितलं, आणि जुन्या गाड्यांचा अ‍ॅव्हरेज ३ ते ६ टक्के कमी होईल म्हटलं. तुमचा १७ चा १४ म्हणजे जवळपास १८ टक्के. एअर फिल्टर, प्लग पाहा आधी.

सक्करदरा_पेट्रोल
म्हणजे सरकार खरं आणि मी खोटा. माझ्या खिशातून जातात, तुमच्या नाही.

एमएच४०
धागा इंजिनाचा आहे, पेट्रोलसाठी वेगळा काढा. मनीषनगर, इंजिन बदलल्यावर आरसीवर नंबर चढवला होता का? आरटीओत पासिंगला नंबर जुळला नाही तर गाडी अडते, विम्याचा क्लेमही.

मनीषनगर
नव्हता चढवला. गॅरेजवाला म्हणाला, ‘कोण पाहते’. बिल पण दिलं नाही त्यानं. ती चूक माझी, मान्य करतो. पण रात्रीची ती भीती मी विसरू शकत नाही. वयस्क माणसाला दवाखान्यात नेणारी गाडी भरवशाची पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

त्रिमूर्तीनगर०९
त्या रात्रीबद्दल वाईट वाटलं, खरंच. मूर्खपणाचा शिक्का मात्र मान्य नाही. रविवारी हेड उघडतोय, स्वतः उभा राहणार. मिस्त्रीभाऊ, रेडिएटर धुऊन घेऊ की नवाच टाकू?

वाडीचा मिस्त्री
नवा टाका. आणि हेडवर आधी स्टीलची सरळ पट्टी ठेवून पाहा, खालून उजेड दिसला की फेसिंग लागतेच. बोअरचं माप घेतल्याशिवाय पिस्टनचे पैसे देऊ नका.

मनीषनगर
माप आणि पक्कं बिल दोन्ही इथे टाका. ४२ मध्ये झालं तर कालचं वाक्य मागे घेईन.