एक डोळा झाकून पाहिलंय का कधी? : घरातल्या डोळे तपासणीचे अनुभव

मागच्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी मखरासाठी बांबू सोलताना बाबांच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. डॉक्टरांनी ते काढलं, डोळ्यावर पट्टी बांधली आणि सकाळपर्यंत काढू नका म्हणाले. घरी आल्यावर आईने चहा दिला. बाबांनी कप बरोबर उचलला, पण बशीतलं बिस्किट त्यांना सापडेना. बोटांनी बशीची कड चाचपत राहिले. मी म्हटलं, "बाबा, समोरच तर आहे." तर म्हणाले, "कप दिसतोय रे. बशी कुठे गेली?"

डाव्या डोळ्याला काचबिंदू निघाला. मधली नजर शाबूत होती, कडेची जवळजवळ गेलेली. नळीतून बघावं तसं. डोळ्यातला दाब ३४ होता; साधारण १० ते २१ असावा म्हणतात. उजव्यातही सुरुवात झाली होती, पण तो इतका चांगला होता की डाव्याचं उणं त्याने झाकून टाकलं होतं. वर्षभर बाबा जिन्याच्या डाव्या कठड्याला धडकत होते आणि आम्ही गुडघ्यांचं तेल बदलत होतो.

मला सगळ्यात लागलं ते हे की बाबांनी हयगय केली नव्हती. दर दोन वर्षांनी चष्म्याच्या दुकानात जाऊन मशीनवर नंबर काढून घ्यायचे. त्यालाच आम्ही सगळे 'डोळे तपासले' म्हणत होतो. दाब कुणी मोजला नव्हता, डोळ्यामागची नस कुणी पाहिली नव्हती. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायला रोज रात्री नऊला थेंब घालायचे.

डॉक्टरांनी रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांना बोलावलं. आत्याचा दाब वाढलेला निघाला. माझ्या थोरल्या भावाची (वय ४६) नस जराशी शंकास्पद आहे, दर सहा महिन्यांनी फील्ड टेस्ट, म्हणजे कडेची नजर किती आहे ते मोजायची तपासणी. माझं सध्या ठीक आहे.

तुमच्या घरात कुणाचं काय, कसं कळलं? वेळेवर कळलं असेल तर तेही लिहा, आणि राहून गेलं असेल तर तेही.

सानूची आई
'डाव्याचं उणं उजव्याने झाकलं' हे वाचून पोटात कालवलं. आमच्या सानूचं अगदी हेच. पहिलीत असताना शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं. त्यांनी एक-एक डोळा झाकून तक्ता वाचायला लावला. उजवा झाकल्यावर ही वरच्या मोठ्या अक्षरानंतर गप्प. डाव्याला साडेचार प्लस नंबर, उजव्याला काहीच नाही. मेंदूने डाव्याकडून काम घेणंच सोडून दिलं होतं, 'आळशी डोळा' म्हणतात तो. तिने कधी तक्रार केली नाही. करणार कशी? तिला जग तसंच माहीत होतं.

चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. पहिले आठ दिवस रडारड. कोपऱ्यातून पट्टी उचलून बघायची. मग मी परातीत राजमा आणि काबुली चणे एकत्र करून द्यायला लागले, डाव्या डोळ्याने निवडायचे. पहिल्या दिवशी दाणा नाकाजवळ नेऊन बघत होती. चौथ्या महिन्यात परात मांडीवर ठेवून, गप्पा मारत निवडायला लागली. आता तक्त्यावरच्या शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचते. सात-आठ वर्षांच्या आत सापडलं तर चांगलं सुधारतं, पुढे अवघड होत जातं. धाकट्याला मी तीन पूर्ण झाल्याबरोबर नेऊन आणलं.

गोदाकाठ
नाशिक. नऊ वर्षं साखर आहे. गोळ्या नियमित, फिरणं नियमित, डोळ्यांचा पडदा (आत मागे असतो तो, ज्यावर चित्र उमटतं) मात्र एकदाही तपासला नव्हता. कारण सांगतो. बाहुली मोठी करायचं औषध घातलं की चार-पाच तास वाचता येत नाही, गाडी चालवता येत नाही, म्हणजे एक रजा गेली. असं करत नऊ वर्षं.

शेवटी मुलीने सोबत येऊन तपासणी करून घेतली. तक्ता मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, ६/६, म्हणजे नजर अगदी ठीक. मग पडद्याचा फोटो दाखवला. नारिंगी पडद्यावर बारीक लाल ठिपके आणि एका बाजूला पिवळसर डाग. मला दिसण्यात तसूभर फरक नव्हता आणि आत रक्तवाहिन्या पाझरायला लागल्या होत्या. अजून लेझर किंवा इंजेक्शन लागलेलं नाही. साखरेइतकंच रक्तदाबाकडेही बघा असं बजावलंय. आमच्यासारख्या टाइप दोनवाल्यांनी साखर निघाली त्याच वेळी पडदा दाखवायचा असतो आणि मग दरवर्षी. हे मला नऊ वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी ती रजा टाकली असती.

जुळ्यांची आजी
माझ्या सुनेची जुळी ३१व्या आठवड्यात झाली, एक चौदाशे ग्रॅम, दुसरी त्याहून थोडी जास्त. काचेच्या पेटीत राहून घरी आली तेव्हा कार्डावर लाल पेनाने लिहिलं होतं, 'डोळ्यांचा पडदा, ३० दिवसांच्या आत'. आमच्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतीण उंबरा ओलांडत नाहीत. मीच म्हणाले, एवढ्याशा जिवांना कुठे नेता, आठ दिवसांनी जाऊ.

दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला. सुनेने तो माझ्या कानाला लावला. सिस्टर म्हणाली, "आजी, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पडद्यावर रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात. वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा ओढून सुटतो. आठ दिवस फार असतात." मी स्वतः टोपडी बांधली. अठ्ठाविसाव्या दिवशी नेलं. धाकटीचं ठीक होतं, थोरलीला दोन दिवसांत लेझर केलं. आज दोघी तीन वर्षांच्या आहेत आणि तांदळातले खडे मला दाखवतात. चौतीस आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ घरात असेल तर सव्वा महिन्याची वाट बघू नका, बायांनो.

उमरेडची ताई
मुलाचे डोळे दर उन्हाळ्यात खाजायचे, लाल व्हायचे. एकदा डॉक्टरांनी थेंब लिहून दिले, आठवड्यात आराम पडला. मग पुढची दोन वर्षं तीच जुनी चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवून तीच बाटली आणली. स्टिरॉइडचे थेंब होते ते. शाळेचा चष्मा करायला नेलं तेव्हा दाब वाढलेला निघाला, वय अकरा. थेंब बदलून दिले, दाब उतरला, नस वाचली. ती रिकामी बाटली मी अजून फ्रिजच्या दारात ठेवली आहे. जुन्या चिठ्ठीवर डोळ्यात काही घालू नका.

एडिनबराहून
स्कॉटलंडमध्ये डोळे तपासून घ्यायला पैसे पडत नाहीत, म्हणून गेले. पहिलाच प्रश्न: आईवडील, भावंडं यांपैकी कुणाला काचबिंदू? मी नाही म्हटलं. रात्री सांगलीला आईला फोन केला. आजी शेवटची काही वर्षं आंधळी होती, आम्ही 'मोतीबिंदू पिकला' म्हणायचो. आई म्हणाली, "अगं, ऑपरेशन करून काही उपयोग नाही, नस वाळलीय असं म्हणाले होते." म्हणजे तो काचबिंदूच असणार. मोतीबिंदूची नजर ऑपरेशनने परत येते, काचबिंदूची नाही, आणि आमच्या घरात पन्नास वर्षं दोन्हीला एकच नाव होतं. आईची तपासणी त्याच आठवड्यात करवली.

भिंगवाला
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारा. नंबर काढणं हा तपासणीचा एक भाग. चाळिशीनंतर दाब, नस आणि बाहुली मोठी करून पडदा, हे तिन्ही बघितलं का ते विचारून घ्या. घरात काचबिंदू असेल तर चाळिशीची वाट बघू नका. आणि एक डोळा झाकून बघणं चांगलं, मुलांच्या बाबतीत तर फारच, पण सुरुवातीचा काचबिंदू त्यात सापडत नाही. दिसतंय म्हणून तपासणी टाळू नका.

पाऊलवाट
हे सगळं वाचून आत्ता आईला हॉलमध्ये उभं केलं आणि डावा डोळा झाकायला लावला. समोरच्या कॅलेंडरवरच्या तारखा वाचल्या. उजवा झाकला तर म्हणाली, "आकडे आहेत, पण मधोमध वाकल्यासारखे दिसतायत." कधीपासून विचारलं तर म्हणे, "मी कधी असं बघितलंच नव्हतं."

उद्या सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे. रजा टाकली, रिक्षानेच जाऊ. काय निघतं ते इथे लिहितो.