मदत हवी आहे: शाळेच्या पर्जन्यमापकात ६५.५ मिमी आलं, अतिवृष्टी धरायची का?

प्रश्न (राळेगाव तालुका, जि. यवतमाळ):
नववीच्या प्रकल्पासाठी नरसाळं आणि डबा लावून पर्जन्यमापक केला आहे. नरसाळ्याच्या तोंडाचा आतला व्यास पट्टीने १२.७ सेमी. सकाळी ८.३० ला पाणी निघालं ८३० मिली. मोजपात्रावर खुणा १०-१० मिलीच्या. कॅल्क्युलेटर ६५.५२१०३८ मिमी दाखवतो. एका मुलाने पाय (π) ३.१४ धरला तर ६५.६ आलं, एकीने क्षेत्रफळ आधीच १२७ चौसेमी केलं तर ६५.४. वहीत काय लिहायचं? ६५ च्या वर म्हणून अतिवृष्टी म्हणता येईल का? गावातले कास्तकार विचारून राहिले.

उत्तर १:
६५.५ लिहा. व्यासात तीन सार्थक अंक (म्हणजे खरंच मोजलेले अंक), पाण्यातही तीनच, म्हणून उत्तरातही तीन. पुढचं ‘२१०३८’ पाण्यातून आलेलं नाही, भागाकारातून आलंय.

मुलांची गफलत एकच आहे: मधेच काटछाट. पायचं बटण वापरा, क्षेत्रफळ १२६.६७६९ असंच राहू द्या, शेवटी एकदाच अंक कमी करा. ८३० मधलं शून्य खुणांच्या मधे अंदाजाने वाचलेलं आहे, हे दाखवायला ८.३० × १०² लिहायची सवय लावा.

उत्तर २:
अतिवृष्टीचं आत्ताच ठरवू नका सर. पट्टीवर ±०.०५ सेमी म्हणजे ०.४ टक्के, व्यासाचा वर्ग होतो म्हणून चूक दुप्पट, सुमारे ०.५ मिमी. पाण्यात ±५ मिली, सुमारे ०.४ मिमी. दोन्ही चुका एकाच बाजूला गेल्या तर ६५.५ ± ०.९. म्हणजे खरा पाऊस ६४.६ सुद्धा असू शकतो. आणि कास्तकारांना हे स्पष्ट सांगा की ६५ मिमीचा सरकारी निकष महसूल मंडळातल्या २४ तासांच्या नोंदीवर लागतो, शाळेच्या नाही. आदल्या दिवशी ८.३० लाच डबा रिकामा केला होता ना, तेही तपासा.

पुढच्या पावसाआधी:
व्यास व्हर्नियर कॅलिपरच्या (०.०१ सेमीपर्यंत मोजणारं साधन) वरच्या छोट्या जबड्यांनी, चार दिशांनी घ्या. आधी जबडे मिटवून शून्य त्रुटी (माप शून्यच येतं का) पाहा. पाणी किराणा दुकानातल्या १ ग्रॅमच्या काट्यावर तोला, भांड्याचं वजन वजा करा आणि ग्रॅमला ०.९९७ ने भागा, मिली मिळतील. काळ्या जमिनीत खांब ओल धरली की कलतो. बुडाशी मुरूम ठोका, तोंडावर पाणसळ ठेवून पाहा. तोंड जमिनीपासून ३० सेमी वर हवं. भिंत किंवा झाड त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट लांब.

प्रश्नकर्ता:
व्हर्नियरने १२.६८, १२.७४, १२.६६, १२.७२. सरासरी १२.७० आली. १२.७ लिहिलं तर चालेल?

उत्तर २:
नाही, १२.७० च लिहा. ते शून्य मोजलेलं आहे. मापांतला फरक तोंड किंचित लंबगोल असल्याचा. नरसाळं तेच आहे, त्यामुळे हा व्यास जुन्या नोंदीलाही चालतो आणि त्याच्यामुळे पावसात येणारी चूक ०.१ मिमीवर येते. पण पाणी तर फेकलं गेलं, त्याचे ±५ मिली तसेच राहणार. त्या दिवसाच्या नोंदीपुढे ६५.५ ± ०.५ मिमी लिहा. खालचं टोक ६५.० ला टेकतं, म्हणून ‘अतिवृष्टी’ हा शब्द लिहू नका.