मुंगीवरची बुरशी: नवी प्रजाती कशी ठरवायची?

रानवाट: राधानगरीच्या जंगलात पानाची शीर चावून मेलेली मुंगी दिसली. मानेतून काळा दांडा, त्याच्या बाजूला गाठ. ऑफिओकॉर्डिसेप्स (कीटकांवर वाढणारी बुरशी) वाटते. नवी आहे का, कसं कळणार?

बीजाणू: अभयारण्य आहे, आधी वन विभागाची परवानगी घ्या. नमुना पानासकट कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरून दुसरीच बुरशी चढते. तो ताजा असतानाच पेट्री डिशच्या झाकणाला आतून व्हॅसलिनने चिकटवा, खाली वॉटर अगार (पाण्यात घट्ट केलेली साधी जेली). बीजाणू रात्रभरात पडतात. त्यांची लांबी, रुंदी, आतले आडपडदे लगेच मोजा, अंकुरले की मापं फसतात. बीजाणू त्या गाठीत बनतात, ती कच्ची असेल तर काहीच पडणार नाही.

करवीरकर: मुंगीची जातही पक्की करा. डीएनएसाठी फक्त आयटीएस या एका डीएनए तुकड्यावर विसंबू नका, जवळच्या प्रजाती त्यात मिसळतात. एलएसयू, टीईएफ, आरपीबी१ हे तुकडेही हवेतच.

रानवाट: आयटीएस ९७ टक्केच जुळला तर नवीच ना?

करवीरकर: छे! टक्क्यांवर प्रजाती ठरत नाही. डेटाबेसमधली नावंही कधी चुकीची असतात; टाइप नमुन्याच्या (ज्यावरून प्रजातीचं नाव ठरलं तो मूळ नमुना) डीएनए क्रमाशी ताडून वंशवृक्ष काढा.

बीजाणू: वाळवलेला टाइप नमुना पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या संग्रहात देता येतो. २०१३ पासून मायकोबँकसारख्या बुरशीनावांच्या नोंदणीचा क्रमांक नसेल तर नवं नाव वैध नाही.