टीएन५ च्या दोन्ही टोकांना तेच ९ बेस: सिक्वेन्सिंगची चूक?

प्रश्न: करवीरच्या उसाच्या मुळांलगतचा स्यूडोमोनास जीवाणू. त्याच्या डीएनएत टीएन५ (ट्रान्सपोझॉन, म्हणजे जागा बदलून घुसणारा डीएनएचा तुकडा) घुसवल्यावर दोन्ही बाजूंना तेच ९ बेस दिसतात. का?

उत्तर १: भावा, चूक नाही, घुसल्याची खूण आहे ती. ट्रान्सपोझेज (टीएन५ला घुसवणारं एन्झाइम) यजमान डीएनएच्या दोन साखळ्या समोरासमोर नाही, ९ बेसच्या अंतराने तोडतो. टीएन५ जोडला की दोन्हीकडे एकेरी फटी उरतात; त्या जीवाणूचाच पॉलिमरेज (डीएनए बनवणारं एन्झाइम) भरतो, लायगेज (टोकं जोडणारं एन्झाइम) शिवतो. म्हणून तेच ९ बेस दोनदा. मॅरिनर (दुसरा ट्रान्सपोझॉन) असता तर फक्त टीए हे दोन बेस दुप्पट झाले असते.

उत्तर २: एकाच बाजूचं वाचून निष्कर्ष नको. कधी टीएन५ वाहून आणणारा अख्खा प्लाझ्मिडही (गोल डीएनए) घुसतो, कॉलनी तरीही कॅनामायसिनवर वाढते, कारण त्या अँटिबायोटिकला दाद न देणारं जनुक टीएन५वरच असतं. प्लाझ्मिड ओळखायची अँपिसिलिनची (दुसऱ्या अँटिबायोटिकची) चाचणी इथे फसवी, बरेच स्यूडोमोनास मुळातच त्याला दाद देत नाहीत. प्लाझ्मिडच्या उरलेल्या भागावर प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) लावून पीसीआर (ठरावीक डीएनएच्या प्रती वाढवणारी चाचणी) करा. बँड आला तर प्लाझ्मिड आत आहे, कॉलनी बाद.