मदत हवी आहे: भावाची दारू सोडवायची आहे, वाळपईच्या जवळपास उपचार कुठे? विम्यात बसेल का?

सांजवात

नमस्कार. पहिल्यांदाच लिहिते आहे, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले, वाळपईपासून थोडं आत. थोरला भाऊ, वय 43. खनिज वाहतुकीचा स्वतःचा टिप्पर होता. 2012 ला खाणी बंद पडल्या, मग काही सुरू झाल्या, 2018 ला पुन्हा बंद. ट्रक दारात उभा आणि बँकेचे हप्ते चालू. प्यायचा आधीही, पण संध्याकाळी. ट्रक विकला त्या वर्षापासून सकाळी चहाच्या आधी लागते. कप धरवत नाही, वहिनी चहा बशीत ओतून देते, तरी अर्धा शर्टावर. थोडी पोटात गेली की हात थांबतात. उर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या दिवसांत तर विचारूच नका.

मार्चमध्ये पोटात दुखतं म्हणून एका खाजगी हॉस्पिटलात ठेवला. एजंटने आधीच बजावलं होतं की दारूचा शब्द काढू नका, क्लेम जाईल. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा वहिनी म्हणाली, "कधीतरी, लग्नाकार्याला." मी शेजारीच उभी होते, गप्प बसले. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरच्या मुंग्या झाडायला लागला. मुंग्या नव्हत्याच. सलाइन ओढून काढली, मला ओळखेना, "हप्त्याचे लोक आले, दार लाव" म्हणून ओरडत होता. हातपाय बांधावे लागले. डिस्चार्ज कार्डावर शेवटी दारूचं नाव आलंच, आणि कंपनीने क्लेम नाकारला. 86 हजार घरातून गेले. महिनाभर बरा होता, आता परत तेच.

विचारायचं ते असं. उपचार कुठे? कुणीतरी एक सेंटर सुचवलंय, महिन्याचे 25 हजार, "माणसं पाठवून उचलून नेतो" म्हणतात. पॉलिसी 2021 ची आहे, त्यातून काही मिळेल का? सरकारी आरोग्य योजनेचं दीनदयाळ कार्डही आहे. एजंट आता म्हणतो, पुढच्या वेळी डॉक्टरकडून गॅस्ट्रायटिस लिहून घ्या. आणि बांबोळीच्या मानसोपचार हॉस्पिटलाचं नाव काढलं की आई रडते. "पिशांच्या हॉस्पिटलांत घालतली तूं म्हज्या पुताक?"

जुनी वॉर्ड सिस्टर

ताई, आधी एक गोष्ट. घरात बाटली फोडून, खोलीत कोंडून एकदम बंद करू नका. रोज सकाळी लागणाऱ्या माणसाची अचानक तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात तुम्ही पाहिलंत ते होतं. जीव जाऊ शकतो. मुंग्या, उंदीर, पोलीस दिसणारे कितीतरी मी पाहिलेत.

मार्चमध्ये खरं सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी थरथरीच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या, आणि ग्लुकोज लावायच्या आधी बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. तुम्हाला टोचायला म्हणून लिहीत नाही. पण डॉक्टरपासून लपवलेली दारू कंपनीपासूनही लपत नाही, तिसऱ्या रात्री ती स्वतःच सांगते. यावेळी शेवटची कधी घेतली, रोज किती, आधी फिट आली का, ते कागदावर लिहून न्या.

बांबोळीला आयपीएचबी म्हणजे मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था. तिथे व्यसनाचे पेशंट रोज येतात. सरकारी आहे, खर्च नाममात्र. गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, तिथेच असल्याने लिव्हर, पोट बघायचं झालं तर लांब जावं लागत नाही. आईंना सांगा, पूर्वी पणजीत आल्तिनोला होतं त्या वेळचं चित्र डोक्यात धरून बसू नका. तोपर्यंत 14446 ही नशामुक्तीची मोफत हेल्पलाइन, आणि 14416 टेली-मानस. रात्री घाबरायला झालं तर वहिनीनेही फोन करावा, पेशंटनेच करायला हवा असं नाही. मुंग्या दिसू लागल्या किंवा फिट आली तर मात्र फोनवर बोलत बसू नका, 108.

आणि ऐकीव औषध चहात घालून देऊ नका. दारू सोडवायची डायसल्फिरामची गोळी पोटात असताना वर दारू गेली तर माणूस कोसळू शकतो.

कागदी वाघ

विम्याचं मी सांगतो, पण फार आशा ठेवू नका.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातल्या कलम 21(4) प्रमाणे शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला द्यायचा. आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत दारू व ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था येतात. 29 मे 2018 पासून लागू. हे वाचून आनंद होतो. मग पॉलिसी उघडायची आणि वगळलेल्या गोष्टींत कोड 12 बघायचा: दारू, ड्रग्ज, कुठलंही व्यसन आणि त्याचे परिणाम. विमा नियामकाने ठरवून दिलेलाच मजकूर आहे तो. तुमचा क्लेम नक्की त्यावरच गेला असणार.

तरी सोडू नका. नकाराचं पत्र लेखी घ्या. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा, कायद्याचं कलम घालून. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. गोव्यासाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील नको, पण कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत. मिळेलच असं नाही. 86 हजारांसाठी एक अर्ज करायला काय जातं?

गॅस्ट्रायटिसवाल्या एजंटला दारातूनच परत पाठवा. सलग 60 महिने पॉलिसी चालली की जुनी माहिती दिली नाही म्हणून कंपनी क्लेम अडवू शकत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षण जातं. खोटा कागद म्हणजे फसवणूकच. प्रपोजल फॉर्ममध्ये दारूच्या प्रश्नापुढे एजंटने काय टिक केलंय तेही बघून ठेवा.

दीनदयाळचं कार्ड तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. पण ते ठरलेल्या पॅकेजवर चालतं. भरती व्हायच्या आधी काउंटरवर विचारा, नंतर नाही. भाऊ सध्या कुठे कामाला आहे का?

सांजवात

इथल्याच होंडा गावात एका कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर, 16 हजार. आठवड्यातले चार दिवस जातो.

कागदी वाघ

मग पगाराच्या स्लिपवर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापतात का बघा. कापत असतील आणि सहा महिन्यांत 78 दिवस भरत असतील, तर आजारपणाच्या रजेत 70 टक्के पगार मिळतो, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. डॉक्टरांचा दाखला लागेल. घरचा हप्ता कोण भरणार ही भीती असते ना, तिथे हे उपयोगी पडतं.

नऊ वर्षं झाली

मी डिचोलीचा. तुमच्या दादाच्या जागी होतो, म्हणून लिहितो. "उचलून नेतो" म्हणणाऱ्यांकडे देऊ नका. मला एकदा असंच नेलं होतं. तीन महिने राहिलो, सुटल्याच्या संध्याकाळी बारवर. सेंटरची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतो का, घरच्यांना भेटू देतात का, एवढं विचारा. पहिल्याच प्रश्नाला चिडले तर कळलं.

आठ-दहा दिवसांत अंगातली दारू निघते. खरं काम त्यानंतर. मी पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात गेलो, मराठीत बोलता येतं म्हणून. आमच्यासारख्यांना इंग्रजीत दुःख सांगता येत नाही! परत आल्यावर एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस) च्या मीटिंग, त्या फुकट आहेत. वहिनींसाठी अल-अनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट, वेगळा असतो, त्यांनाही जाऊ द्या.

दादाशी रात्री बोलू नका. सकाळी, हात थरथरत असताना बोला. त्या अर्ध्या तासात माणूस खरं बोलतो.

सांजवात

सगळ्यांचे आभार. काल सकाळी बोलले. बशी समोर होती. मार्चमधलं त्याला काहीच आठवत नाही म्हणाला. मग मी बांधलेल्या हातांबद्दल सांगितलं. बराच वेळ मनगटं बघत बसला. "चेड्यांनी पळयलें?" एवढंच विचारलं. मुलं तेव्हा हॉस्पिटलात नव्हती, तसं सांगितलं.

सोमवारी पहिल्या कदंबाच्या बसने बांबोळीला येतो म्हणालाय. आईला "पोट दाखवायला" असं सांगितलंय, हे एक खोटं राहू द्या. स्लिपवर ईएसआय कापलेलं आहे. सोबत कुणी राहावं लागतं का? आणि सोमवारी सकाळी निघताना त्याने थोडी घेतली तर चालेल का, नाहीतर बसमध्येच काही झालं तर?

जुनी वॉर्ड सिस्टर

एक माणूस राहायच्या तयारीने जा, ठेवून घेतील की नाही ते तिथे ठरेल. मार्चचं डिस्चार्ज कार्ड, आधार, चादर, मग, दोन जोड कपडे. घेतली तर घेऊ द्या, भांडू नका, फक्त किती वाजता आणि किती ते लिहून ठेवा आणि ओपीडीत पहिलं तेच सांगा. आणि बसपेक्षा कुणाची गाडी मिळाली तर बघा.