घराच्या बाजूची सावलीतली बोळ: तुमचे अनुभव लिहा

घराची भिंत आणि वॉल कंपाउंड यांच्यामधली तीन-चार फुटांची बोळ. ऊन नाही, म्हणून तिथं उरलेल्या फरश्या आणि मोडकी सायकल पडते. आमचीही तशीच होती. 2017 पासून ती मी राखतेय. ज्यांनी अशी जागा निदान तीन-चार वर्षं सांभाळलीय, त्यांनी लिहा. काय जगलं ते सांगाच, पण काय गेलं ते आधी सांगा.

माझ्यापासून सुरुवात. सातारा, बोळ घराच्या उत्तरेला. पहिल्या वर्षी हौसेनं मोगरा लावला. पानंच पानं, कळ्या वर्षभरात सात. तो काढून पुढच्या अंगणात नेला आणि इथं नेचे आणले. पावसाळा, थंडी झकास गेली, मे महिन्यात सगळे करपले. पाणी कमी पडलं असं वाटून मी ते वाढवलं, तर मुळंही कुजली. सलग दोन उन्हाळे हेच. तिसऱ्या वर्षी मी बोळीतच बसून सावली बघितली, तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडं मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. तिथून जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला असतो. म्हणजे बाकी वर्षभर सावलीत राहणारी बोळ ऐन उन्हाळ्यात दुपारी भाजून निघते! जून-जुलैत ढग सांभाळून घेतात, मे सांभाळत नाही. आता मे लागला की जुनी सुती साडी वर ताणून बांधते आणि पाऊस धरला की सोडते. त्यानंतर एकही नेचा गेला नाही.

सांगली, नदीकडचा भाग
ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमच्या बोळीत वीतभर गाळ बसला. अंगणातला वाळला, बोळीतला दिवाळी आली तरी वरून कडक आणि आत लोण्यासारखा. मी घाई करून त्यातच अळूचे गड्डे लावले, सगळे कुजले. मग गाळ घमेल्यानं अंगणात आणून पसरला, वाळवून फोडला, शेणखत आणि पालापाचोळा मिसळून परत भरला. बायको, मी आणि दोन्ही पोरं, चार रविवार गेले. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. आता कुंड्या ठेवतच नाही, त्या वाहून जातात. जमिनीत सोनटक्का आणि अळू. वरचं सडलं तरी गड्डा राहिला तर फुटतो. पुरात गटाराचं पाणी मिसळतं, त्यामुळं त्या वर्षी अळू खाल्ला नाही, तुम्हीही खाऊ नका.

मिरज तालुका
आमच्याकडं पानमळे आहेत. शेवरी-शेवग्याच्या सावलीत वेल वाढताना लहानपणापासून बघितलाय, म्हणून पूर्वेच्या बोळीत पानवेल लावली. चूक एकच, थेट भिंतीवर चढवली. मुळ्या गिलाव्यात शिरल्या, आतल्या खोलीला ओल आली. आता भिंतीपासून वीतभर लांब बांबू उभे केलेत. पाणी रोज, पण थोडं. साचलं की वेल मरते. आणि वर्षातून एकदा वेल उतरवून खालचा भाग मातीत पुरायचा, मळ्यात करतात तसाच. चौथं वर्ष आहे, घरची पानं पुरतात.

कराड
गोगलगायी! रात्री गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट टाका, सकाळी त्याखालच्या गोळा करून मिठाच्या पाण्यात टाका. मीठ मातीत मात्र टाकू नका.

वाई
सासूबाई मोरीचं पाणी अळूला सोडायच्या, तेव्हा वडीची पानं सुपाएवढी व्हायची. मी तेच केलं, तर पानांच्या कडा जळाल्या. सासूबाई राखेनं भांडी घासायच्या, आमच्या मोरीत साबण आणि पावडर. आता फक्त तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी घालते. पानं सुपाएवढी नाहीत, पण वड्यांना पुरतात. दुपारी तिथंच चटई टाकून भाजी निवडत बसते, सासूबाई बसायच्या त्याच ठिकाणी.

सातारा (मीच)
मिरजेचे दादा, वेल उतरवताना किती पेरं मातीत घ्यायची? आणि कुठल्या महिन्यात? माझी वेल वळचणीला टेकलीय.